खाणीच्या वेशीपर्यंत चालणारे पैसे

१९४६ साली सोव्हिएत संघात पाडलेल्या एका छोट्या नाण्यावर पाच टोकांचा तारा आहे, ‘आर्क्टिकउगोल’ हे नाव आहे, स्पिट्सबर्गन बेटाचा उल्लेख आहे आणि किंमत कोपेकमध्ये दिलेली आहे. ज्या देशाच्या टाकसाळीत ते पाडले गेले, त्या देशाचे नाव किंवा राजचिन्ह मात्र त्यावर कुठेच नाही. हे नाणे मॉस्कोच्या दुकानात चालत नसे आणि ऑस्लोच्या दुकानातही चालत नसे. उत्तर ध्रुवापासून सुमारे १,३०० किलोमीटरवर, आर्क्टिकउगोल या सोव्हिएत कोळसा संस्थेने वसवलेल्या खाणवस्त्यांत तेवढे ते चाले. वस्तीची वेस ओलांडली की ते धातूची एक चकती होऊन जाई.

अशा चलनाला ‘स्क्रिप’ म्हणतात. सरकारने नव्हे, तर एखाद्या कंपनीने आपल्या कामगारांसाठी आणि आपल्याच दुकानासाठी काढलेले नाणे, टोकन, नोट किंवा चिठ्ठी, असा त्याचा साधा अर्थ आहे. ते जमवणारे लोक जगभर आहेत, परंतु नवख्या संग्राहकाची अनेकदा एक चूक होते: तो त्याकडे साध्या नाण्याच्या नजरेने पाहतो. देश कोणता, साल कोणते, धातू कोणता, अवस्था कशी, एवढे पाहून तो थांबतो. स्क्रिप हे मुळात नाणे नसून एका मालकाने एका मजुराला लिहून दिलेले देणे आहे, आणि देणे वाचायचे तर वेगळे प्रश्न विचारावे लागतात. हे देणे कोणाचे होते? ते कशात फेडले जाणार होते, रोख रकमेत की मालात? ते कुठवर मानले जाई? आणि शेवटी ते फिटले की बुडाले? या प्रश्नांची उत्तरे त्या तुकड्यातच बरीचशी दडलेली असतात, आणि माझ्या मते ती शोधण्यातच या संग्रहाचा खरा आनंद आहे.

आधी हे चलन फिरत कसे होते ते पाहू. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी या राज्यांच्या डोंगराळ कोळसापट्ट्याचे उदाहरण घेऊ. तेथे खाण आधी येई आणि गाव मागाहून. घरे, दवाखाना, दुकान, सगळे कंपनीचे असे. मजुराने काढलेल्या कोळशाचे वजन रोज त्याच्या नावे मांडले जाई, पण पगार पंधरवड्याने किंवा महिन्याने होई. मधल्या दिवसांत पीठ, रॉकेल, बूट आणि सुरुंगाची दारू लागेच, कारण दारू आणि अवजारे पुष्कळदा मजुराने स्वतःच्या पैशांनी घ्यायची असत. मग तो कचेरीत जाऊन उचल मागे. कारकून त्याच्या नावे आधीच जमा झालेली मजुरी पाही, तेवढ्या रकमेच्या आत धातूची टोकने मोजून देई आणि वहीत तितकी रक्कम नावे टाकी. ती टोकने कंपनीच्या दुकानात जात, दुकानातून पुन्हा कचेरीत येत आणि दुसऱ्या मजुराच्या हातात पडत. पगाराच्या दिवशी उचल, घरभाडे, दवाखान्याची वर्गणी असे सगळे वजा होऊन जे उरे ते रोख मिळे. कित्येकांच्या बाबतीत काहीच उरत नसे.

या व्यवहारात कंपनीचा फायदा कुठे होता, हे आकड्यांत पाहिले की लवकर उमगते. समजा, एका कंपनीने १०,००० एककांची टोकने फिरवली आहेत आणि कोणत्याही दिवशी त्यांपैकी १,५०० एककांची टोकने मजुरांच्या खिशांत किंवा घरातल्या डब्यांत आहेत. याचा अर्थ असा, की १,५०० एककांच्या श्रमाची फेड कंपनीने अजून केलेलीच नाही, आणि त्या रकमेवर ती व्याजही देत नाही. त्यातली काही टोकने हरवतील, ती तर कधीच फेडावी लागणार नाहीत. उरलेली जिथे परत येणार ते दुकानही कंपनीचेच, म्हणजे फेडताना पुन्हा विक्रीवरचा नफा. बँकेत रोकड अडकवून ठेवण्याची गरजही कमी झाली. दुर्गम भागात मोठी रोकड ने-आण करणे धोक्याचे आणि खर्चाचे असे, हेही खरे.

मजुराला टोकनाऐवजी रोख पैसा हवा असेल तर त्याला वटाव सोसावा लागे. शेजारच्या गावातला व्यापारी किंवा सावकार १ डॉलरचे टोकन १ डॉलरपेक्षा कमी रकमेला घेई, कारण ते खपवण्याची कटकट त्याच्या गळ्यात पडणार असे. टेनेसीतील अशाच एका व्यवहारातून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ‘नॉक्सव्हिल आयर्न कंपनी विरुद्ध हार्बिसन’ हा खटला गेला. कंपनी मजुरीपोटी कोळसा मिळण्याच्या चिठ्ठ्या देई. एका व्यापाऱ्याने अशा सहाशेहून अधिक चिठ्ठ्या मजुरांकडून विकत घेतल्या आणि १८९९ च्या राज्य कायद्याचा आधार घेऊन कंपनीकडे त्यांची रोख रक्कम मागितली. १९०१ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला आणि कंपनीचा युक्तिवाद फेटाळला. याच्या आधी, १८८९ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘राज्य विरुद्ध गुडविल’ या खटल्यात मालक आणि मजूर यांना हवा तो करार करण्याचे स्वातंत्र्य आहे, असे म्हणून तशाच प्रकारचा कायदा रद्द केला होता. बारा वर्षांत कायद्याची दिशा बदलली, परंतु टोकने काही लगेच नाहीशी झाली नाहीत. अमेरिकेतील कोळसा खाणींत ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सापडतात.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कंपनीचे दुकान म्हणजे निव्वळ लूट, हे सरसकट विधान अभ्यासकांनी तपासून पाहिले आहे. अर्थशास्त्रज्ञ प्राइस फिशबॅक यांनी अमेरिकी कोळसा खाणींच्या नोंदी पाहून असा मुद्दा मांडला, की मजूर एक खाण सोडून दुसरीकडे जाऊ शकत असल्यामुळे कंपन्यांना दुकानातले भाव मनमानी पद्धतीने वाढवता येत नव्हते आणि उचल ही बहुतेक वेळा आधीच कमावलेल्या मजुरीवरची असे. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्याला प्रत्येक टोकन वेगळे वाचायला लावतो. रस्ता आणि रेल्वे जवळ असलेल्या खाणीचे टोकन आणि जिथून बाहेर पडायला वर्षातले काही महिनेच मार्ग खुला असतो अशा वस्तीचे टोकन, यांची जात एकच असली तरी मजुराच्या हातातला त्यांचा अर्थ वेगळा होता.

काही स्क्रिप तर खाणमालकाच्या लोभातून नव्हे, तर चिल्लरच्या टंचाईतून जन्मले. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने १७८७ पासून तांब्याच्या पेनी आणि अर्ध्या पेनी पाडल्या. त्या काळी ब्रिटनमध्ये सरकारी तांब्याची नाणी पुरेशी पाडली जात नव्हती आणि चलनात बनावट नाण्यांचा सुळसुळाट होता. कंपनीकडे तांबे भरपूर होते आणि मजुरांना द्यायला सुटे पैसे नव्हते. त्या नाण्यांच्या एका बाजूला ड्रुइड पुरोहिताचे टोपीधारी मस्तक आहे आणि कडेवर लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथे मागताक्षणी पैसे देण्याचे वचन कोरलेले आहे. वेस कुठवर होती हे नाण्याच्या कडेवरच लिहिलेले आहे, आणि ती पुष्कळ लांब होती; म्हणूनच ही नाणी खाणीबाहेरही सर्रास चालली. याउलट अमेरिकी टोकनावर पुष्कळदा ‘फक्त मालाच्या रूपात देय’ आणि ‘हस्तांतर करता येणार नाही’ असे शब्द सापडतात. दोन्ही तुकडे तांब्या-पितळेचेच, पण एक दार उघडतो आणि दुसरा दार लावून घेतो. पुढे ब्रिटनमध्ये १८३१ च्या कायद्याने अनेक धंद्यांत मजुरी मालाऐवजी प्रचलित नाण्यांतच देणे बंधनकारक केले.

वेस किती टोचत होती हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते चिलीच्या उत्तरेकडील अटाकामा वाळवंटात. तेथे सोऱ्याच्या, म्हणजे नायट्रेटच्या, खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत तारापाका आणि आंतोफागास्ता या प्रांतांत अशा शेकडो खाणवस्त्या उभ्या राहिल्या. प्रत्येक वस्तीला ‘ओफिसिना’ म्हणत, तिच्या दुकानाला ‘पुल्पेरिया’ आणि तिच्या टोकनाला ‘फिचा’. पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा प्रदेशात पाण्यापासून पावापर्यंत सगळे पुल्पेरियातूनच घ्यावे लागे, आणि एका ओफिसिनाची फिचा दुसऱ्या ओफिसिनात पूर्ण किमतीला घेतलीच जाईल याची शाश्वती नसे. फिचा पितळेच्या असत तशाच एबोनाइटच्याही, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराच्याही असत. लाल, हिरव्या, काळ्या, तपकिरी अशा रंगांमुळे वाचता न येणाऱ्या मजुरालाही किंमत ओळखता येई. आज संग्राहकांना मोहवणारे ते रंग मुळात अशा व्यवहारी गरजेतून आले आहेत.

डिसेंबर १९०७ मध्ये या वस्त्यांतील हजारो मजूर संप करून बायकामुलांसह वाळवंट तुडवत इकीके बंदरात आले. त्यांच्या मागण्यांचा मसुदा उपलब्ध आहे आणि स्क्रिप जमवणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी वाचावा, असे मला मनापासून वाटते. फिचा बंद होऊन सुटे पैसे येईपर्यंत प्रत्येक ओफिसिनाने स्वतःच्या आणि इतरांच्या फिचा दर्शनी किमतीला स्वीकाराव्यात आणि नाकारल्यास ५०,००० पेसोंचा दंड भरावा, ही त्यांतली एक मागणी होती. दुसरी अशी, की प्रत्येक पुल्पेरियाच्या बाहेर एक तराजू आणि एक मोजपट्टी ठेवावी, म्हणजे घेतलेला माल गिऱ्हाइकाला पुन्हा मोजून पाहता येईल. अर्थशास्त्राच्या भाषेत ज्याला विनिमय दर आणि बंदिस्त बाजारपेठ म्हणतात, ते या दोन मागण्यांत कसे साध्या शब्दांत उतरले आहे! २१ डिसेंबर १९०७ रोजी सांता मारिया शाळेत जमलेल्या या लोकांवर लष्कराने गोळीबार केला. मृतांच्या संख्येबद्दल आजही एकमत नाही. मजुरी कायदेशीर चलनातच द्यावी, असा कायदा चिलीत १९२४ मध्ये झाला. कृत्रिम नायट्रेट आल्यावर खाणीही एकेक करून ओस पडल्या, आणि हम्बरस्टोन व सांता लॉरा या दोन वस्त्या २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

आता पुन्हा उत्तरेकडे, ज्या नाण्यापासून सुरुवात केली त्याच्याकडे येऊ. स्वालबार्ड हा द्वीपसमूह, ज्यातले सर्वांत मोठे बेट स्पिट्सबर्गन, विसाव्या शतकाच्या आरंभी कोणत्याच देशाचा नव्हता. १९०६ मध्ये जॉन मन्रो लाँगयिअर या अमेरिकी उद्योजकाच्या आर्क्टिक कोल कंपनीने तेथे खाणवस्ती वसवली. १९१६ मध्ये ‘स्टोरे नोर्स्के’ या नॉर्वेजियन कंपनीने ती विकत घेतली आणि पहिल्या महायुद्धाच्या त्या काळातच स्वतःच्या नोटा काढल्या. कारण उघड होते. हिवाळ्यात समुद्र गोठे, जहाजे थांबत, महिनोन्‌महिने बाहेरून कोणी येत नसे. बेटावर बँक नव्हती, आणि एकाच मालकाच्या गावात कंपनीकडून मजुराकडे व मजुराकडून कंपनीकडे फिरणाऱ्या रकमेसाठी मुख्य भूमीवरून रोकड आणून ठेवण्यात अर्थ नव्हता. या नोटा क्रोन आणि ओरे यांतच होत्या, त्यांचे मूल्य नॉर्वेच्या क्रोनशी बरोबरीचे होते. म्हणजे येथे वेस होती, पण ती ओलांडताना वटाव द्यावा लागत नव्हता, आणि चिलीच्या फिचांपेक्षा हे चलन वेगळे ठरते ते याच कारणाने.

९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या कराराने स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले, मात्र करारात सामील झालेल्या देशांच्या नागरिकांना तेथे खाणकामासारखे उद्योग समान हक्काने करण्याची मुभा राहिली. करार १९२५ मध्ये अमलात आला. याच मुभेच्या आधारे सोव्हिएत संघाने १९३१ मध्ये आर्क्टिकउगोल ही संस्था स्थापली, आणि बॅरेन्ट्सबर्ग, पिरामिडेन व ग्रुमांत या वस्त्या तिच्याकडे आल्या. दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये बेटावरील लोकांना हलवण्यात आले आणि सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन युद्धनौकांनी बॅरेन्ट्सबर्ग आणि नॉर्वेजियनांचे लाँगयिअरबिएन, दोन्ही उद्ध्वस्त केली. युद्ध संपल्यावर सोव्हिएत खाणमजूर परतले, पुनर्बांधणी सुरू झाली, आणि त्याच सुमारास १०, १५, २० आणि ५० कोपेकांचा तो संच पाडला गेला. नाण्यावरचे १९४६ हे साल असे वाचायचे: ते उद्ध्वस्त वस्ती पुन्हा उभी करण्याच्या हंगामाचे साल आहे. आणि देशाचे नाव नसण्यालाही अर्थ आहे. दुसऱ्या देशाच्या सार्वभौम भूमीवर एखादी संस्था आपल्या दुकानासाठी टोकन काढू शकते. परक्या राज्याने तेथे आपले चलन सुरू करणे ही वेगळी गोष्ट ठरते.

हा फरक केवळ तात्त्विक नव्हता, हे १९९३ मध्ये दिसले. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर आर्क्टिकउगोलसाठी १०, २५, ५० आणि १०० रूबलची नवी नाणी पाडण्यात आली आणि त्यांवर रशियन राज्याचे नाव आले. नॉर्वेने आक्षेप घेतला. शिवाय त्या वर्षांत रशियातील महागाई अशी होती, की रूबलची कोणतीही ठरावीक किंमत काही महिन्यांतच हास्यास्पद वाटू लागे. एका बाजूला तारा असलेले पण देशाचे नाव नसलेले कोपेक आणि दुसऱ्या बाजूला राज्याचे नाव घेतलेले रूबल, असे दोन तुकडे शेजारी ठेवले तर कराराचे सारे गुंतागुंतीचे कलम हातावर उतरल्यासारखे होते. नॉर्वेजियन बाजूने हा इतिहास शांतपणे संपला: १९७५ मध्ये लाँगयिअरबिएनला बारमाही विमानतळ मिळाला, हिवाळ्यातला एकांत सरला, त्याच काळात कंपनी जवळजवळ पूर्णपणे सरकारच्या मालकीची झाली आणि १९८० च्या सुमारास कंपनीच्या नोटांची जागा साध्या क्रोनने घेतली. पिरामिडेनची खाण १९९८ मध्ये बंद पडली.

याच कुळातले आणखी दोन तुकडे येथे ओझरते सांगतो. ग्रीनलंडमधील इविगटूट येथे क्रायोलाइट हे खनिज निघे, जे ॲल्युमिनियम गाळण्यासाठी लागे. तेथील खाणीची १९२२ ची टोकने त्यांवरच्या ध्रुवीय अस्वलामुळे लगेच ओळखू येतात. दुसरा तुकडा दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाचा. रुमानियात जन्मलेल्या ज्युलियस पॉपर यांनी तिएरा देल फुएगोवरील आपल्या सोन्याच्या वस्तीसाठी १८८९ मध्ये सोन्याची नाणी पाडली, आणि त्यांवर किंमत पेसोंत न लिहिता १ ग्रॅम आणि ५ ग्रॅम अशी लिहिली. स्क्रिपच्या जगात हा जवळजवळ एकमेव प्रकार म्हणावा लागेल, कारण येथे देणे नाहीच. मूल्य नाण्याच्या अंगातच आहे आणि कोणत्याही वेशीबाहेर ते तितकेच राहते.

आता जमवण्याविषयी. दुर्मीळता कशी ठरते हे समजून घेणे सर्वांत आधी आवश्यक आहे, कारण येथे साध्या नाण्यांचे गणित उलटे होते. सरकारी नाण्याबाबत किती नग पाडले यावरून अंदाज बांधता येतो. स्क्रिपबाबत किती पाडले यापेक्षा किती परत आले आणि परत आलेल्यांचे काय झाले, हे महत्त्वाचे. ज्या कंपनीने आपले देणे प्रामाणिकपणे फेडले, नोटा परत घेऊन जाळल्या किंवा टोकने वितळवली, तिचे तुकडे आज क्वचितच दिसतात. जी कंपनी अचानक बुडाली, जिच्या दुकानातला गल्ला तसाच राहिला किंवा जिचे उरलेले टोकन पोत्याने मोडीत विकले गेले, तिचे तुकडे शेकड्यांनी मिळतात. म्हणून एखाद्या खाणीची कोरी, न झिजलेली टोकने एकाच वेळी खूप दिसू लागली, तर जुना साठा सापडला असावा असे समजावे आणि पहिल्याच किमतीला भुलू नये. उलट, झिजलेल्या तुकड्याला कमी लेखू नये. तो खरोखर हातोहात फिरला, एवढी तरी खात्री तो देतो, आणि एखाद्या लहानशा खाणीचा तोच एक साक्षीदार असू शकतो.

सालाबाबत सावध राहावे लागते. अमेरिकी टोकनांवर १९०९ किंवा १९१४ अशी साले दिसली की विक्रेते ती पाडल्याची साले म्हणून सांगतात. ओहायोतील डेटन येथील इंगल-शिरलो कंपनीच्या टोकनांवरचे असे साल टोकनाच्या रचनेसंबंधी असते, खाणीशी त्याचा संबंध नसतो, आणि त्याच रचनेची टोकने पुढे अनेक वर्षे तयार होत राहिली. सिनसिनाटीच्या ऑस्बोर्न रजिस्टर कंपनीची ‘ऑर्को’ ही खूणही अशीच टोकने बनवणाऱ्या कंपनीची आहे. खाण किंवा वस्ती यांचे नाव वेगळे शोधावे लागते. कित्येकदा फक्त आद्याक्षरे असतात, आणि मग जुन्या व्यापारी याद्या व खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवाल चाळावे लागतात. टोकनाच्या मधोमध कापलेले अक्षर किंवा आकार दिसला तर तो नुकसान समजू नये. शेजारच्या खाणीची टोकने मिसळू नयेत, बनावट करणे अवघड व्हावे आणि बोटांनी चाचपून ओळख पटावी, यासाठी ते मुद्दाम कापलेले असते. ओबडधोबड पाडलेले भोक मात्र रद्द केल्याची खूण असू शकते किंवा कोणीतरी ते किल्ल्यांत अडकवल्याचे चिन्ह असू शकते. कागदी नोटांवरची सुबक छिद्रे आणि रद्द केल्याचे शिक्के हा त्यांच्या इतिहासाचा भाग आहे. त्यामुळे बाजारभाव थोडा उतरत असला तरी देणे फिटल्याचा तो पुरावा आहे.

नकलांचा त्रास सर्वत्र आहे, पण दोन प्रकार वेगळे ओळखावेत. एक, निव्वळ बनावट: १९४६ च्या आर्क्टिकउगोल संचाच्या प्रतिकृती बाजारात आहेत. अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर साच्यात ओतल्याचे बारीक खड्डे, वजनात फरक, ही लक्षणे पाहावीत आणि खात्रीच्या नगाशी तुलना करूनच निर्णय घ्यावा. दोन, खरी परंतु कधीच न वापरलेली: या शतकाच्या पहिल्या दशकात आर्क्टिकउगोलच्या नावाने जगातील दुर्घटना आणि संकटांवर स्मारक स्वरूपाची टोकने निघाली. ती संग्राहकांसाठीच काढलेली आहेत. ती ठेवू नयेत असे मी म्हणणार नाही, मात्र खाणमजुराच्या हातातून गेलेल्या चलनाशेजारी त्यांना त्याच दर्जाने बसवणे योग्य नव्हे. त्यांनी कोणाचे देणे कधी फेडलेले नाही.

जपणुकीच्या बाबतीत स्क्रिप हा फार विसंगत साहित्याचा संसार आहे, आणि येथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. एबोनाइटमध्ये गंधक असते. उजेड आणि उष्णता लागली की त्याचा रंग उडतो, ते तपकिरी पडते आणि त्यातून निघणारी गंधकयुक्त द्रव्ये शेजारच्या तांब्या-चांदीला काळवंडतात. म्हणून चिलीच्या एबोनाइट फिचा धातूच्या नगांबरोबर एकाच बंद डबीत ठेवू नयेत आणि गरम पाण्याने कधीही धुऊ नयेत. सेल्युलॉइडची टोकने त्याहून नाजूक. ती कालांतराने विघटित होताना आम्ल वायू सोडतात आणि सहज पेट घेतात. त्यांना हवेशीर, थंड जागी, बाकी सर्व संग्रहापासून वेगळे ठेवावे. तांबे आणि पितळ यांना मऊ पीव्हीसी पाकिटे घातक ठरतात, कारण त्यांतून पाझरणारी रसायने धातूवर हिरवट चिकट थर आणतात; पॉलिस्टरची पाकिटे वापरावीत. घासून चकचकीत केलेल्या पितळेचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो. कागदी नोटांना लॅमिनेशन करू नये आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी तर मुळीच लावू नये.

शेवटचा विषय मिळवण्याच्या मार्गाचा. ओस पडलेल्या खाणवस्तीत जमिनीवर पडलेले टोकन उचलणे निरुपद्रवी वाटते, पण बहुतेक ठिकाणी ते तसे नाही. स्वालबार्डच्या पर्यावरण कायद्यानुसार १ जानेवारी १९४६ पूर्वीच्या मानवी वावराच्या सर्व खुणा आपोआप संरक्षित आहेत. चिलीतही राष्ट्रीय स्मारकांचा १९७० चा कायदा आहे आणि हम्बरस्टोनसारख्या जागी काहीही उचलणे गुन्हा ठरतो. कायद्याखेरीज अभ्यासाचेही नुकसान होते. एखादी फिचा तिच्या स्वतःच्या ओफिसिनात सापडली की शेजारच्या, हे कळले तर त्या दोन वस्त्यांत चलन फिरत होते की नाही हा प्रश्न सुटू शकतो. खिशात घालून आणलेल्या फिचेतून तो कधीच सुटत नाही. म्हणून लिलाव, जुने संग्रह किंवा खाणमजुरांची कुटुंबे यांच्याकडून नग घेताना सोबतची माहिती जपून घ्यावी. आजोबांचे टोकन विकणारी व्यक्ती ते कोणत्या खाणीत काम करत, कोणत्या वर्षी ती वस्ती सोडली, हे सहज सांगून जाते, आणि ती वाक्ये त्याच दिवशी नगाच्या पाकिटावर, मऊ पेन्सिलीने, नग आत घालण्यापूर्वी लिहून ठेवावीत.